पुढचा गेला म्हणून

"काही नाही होत नं बाप्पा!"

हे वाक्य ज्याने ऐकलं नाही तो नागपुरात राहिलाच नाही असं खुशाल समजा. गॅसची नळी कधीच बदलायला हवी होती? काही नाही होत. गच्चीला कठडा नाही आणि पोरं पतंग उडवून राहिली? काही नाही होत. स्कूटरवर आई, बाप, दोन पोरं आणि पायाशी गव्हाचा कट्टा? काही नाही होत नं! मीही हे आयुष्यभर ऐकत आले, कधीमधी म्हणतही आले. पण गेल्या आठवड्यात तेच वाक्य फोनवर मुलाच्या तोंडून ऐकलं, थेट मिनेसोटाहून, आणि माझं डोकं फिरलं. तेव्हापासून मनात जे घुमतंय ते आज लिहूनच टाकते. थोडं कडक होईल. सांभाळून घ्या. नाही घेतलं तरी चालेल.

झालं असं, की मुलाच्या घराजवळ एक तळं आहे. मिनेसोटात घराजवळ तळं असणं म्हणजे आपल्याकडे घराजवळ पानठेला असण्यासारखं. नोव्हेंबर संपता संपता ते वरून गोठलं. "शनिवारी पिल्लूला घेऊन बर्फावर मासे धरायला जातोय," तो म्हणाला. पिल्लू म्हणजे माझा नातू, वय वर्षं नऊ.

"बर्फ किती जाड आहे?" मी विचारलं.

"अगं, लोक बसलेत त्यावर. काल ऑफिसातून येताना पाहिलं. दोघं जण खुर्च्या टाकून मस्त बसले होते."

"ते कळलं. जाडी किती आहे?"

"आई, तू पण ना... काही नाही होत."

पंधरा वर्षं तिकडे राहून, इंजिनिअर होऊन, शेवटी पोरगा रामदासपेठेचाच निघाला! पण रामदासपेठेत पडलं-धडपडलं तर चार पावलांवर हॉस्पिटल आहे. गोठलेल्या तळ्याच्या मधोमध काय आहे?

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. हिवाळ्यात तळ्याचं पाणी वरून गोठतं, खाली मात्र पाणीच असतं. पाणी चार अंशांना सगळ्यात जड. त्याहून थंड झालं की ते हलकं होऊन वर येतं आणि वरच गोठतं. म्हणून तर मासे जगतात. (बत्तीस वर्षं भौतिकशास्त्र शिकवलंय, एवढं तर येणारच.) मग लोक बर्फाला हात-दीड हात घेराचं भोक पाडतात, त्यात छोट्या काठीचा गळ सोडतात आणि बादली उलटी घालून किंवा खुर्ची टाकून तासन्‌तास बसतात. आपल्याकडे लोक पारावर बसतात तसंच. मासा मिळाला तर मिळाला.

मी आणि हे एक हिवाळा तिकडे काढून आलोय. २०१८ च्या २९ डिसेंबरला नागपुरात पारा ३.५ अंशांवर उतरला होता, तोवरचा नीचांक. तेव्हा आम्ही गॅलरीत शेगडी पेटवून बसलो होतो आणि थंडी म्हणजे काय हे आपल्याला कळलं असा माझा पक्का समज झाला होता. मिनेसोटात पहिल्या आठवड्यातच तो समज नाकाच्या शेंड्यासकट गोठला. असो.

शेजारी एक आजोबा राहायचे. सत्तरीचे, जन्म त्याच गावातला. नोव्हेंबरच्या अखेरीस रोज सकाळी ते तळ्याकाठी जायचे आणि परत यायचे. हातात एक पहार. आपल्याकडे खड्डे खणायला असते तशीच लांब, फक्त टोकाला छिन्नीसारखी धार. मला वाटलं, म्हातारबाबांना फिरायला काठी लागते. एक दिवस मुलाला सोबत घेऊन मी मागोमाग गेले. काठावर उभं राहून त्यांनी पहार बर्फावर आपटली. एका घावात आरपार. पाणी बुडबुडत वर आलं. आजोबा वळले आणि घरी! दुसऱ्या दिवशी तेच. चौथ्या-पाचव्या दिवशी तीन-चार घाव घालूनही पहार पलीकडे जाईना, तेव्हा कुठे त्यांनी पहिलं पाऊल टाकलं. मग पुढे पहार, मागे पाऊल. पुढे पहार, मागे पाऊल. थोडं आत गेल्यावर त्यांनी गिरमीट काढलं, भोक पाडलं, मोजपट्टीचा आकडा बर्फाच्या खालच्या कडेला अडकवला आणि जाडी वाचली. खिशातल्या वहीत लिहिली. पन्नासेक पावलांवर पुन्हा भोक, पुन्हा मोजपट्टी.

दुसऱ्या दिवशी पुन्हा पहार घेऊन निघालेले पाहिले तेव्हा मी मुलाकरवी विचारलं, काल तर मोजलं होतं ना? म्हणाले, काल मोजला तो कालचा बर्फ. बस, एवढंच. मला तो माणूस फार आवडला. प्रयोगशाळेत असा एक विद्यार्थी मिळावा म्हणून मी बत्तीस वर्षं वाट पाहिली होती!

आता आकडे. मिनेसोटाच्या नैसर्गिक संसाधन खात्याचा एक तक्ता आहे. चार इंचांपेक्षा कमी बर्फ असेल तर पायही ठेवू नका. चार इंच असेल तर माणूस चालू शकतो, बसून मासे धरू शकतो. बर्फावरची मोटरगाडी, ती स्कूटरसारखी असते ना, तिला पाच ते सात. छोट्या कारला नऊ-दहा. मध्यम ट्रकला तेरा. चार इंच म्हणजे किती? मूठ वळा, अंगठ्यासकट तिची रुंदी धरा, साधारण तेवढं. एवढ्याशा जाडीवर माणूस उभा राहतो हे ऐकून आधी नवलच वाटतं. आणि इथेच घोळ होतो. लोक 'चार इंच' तेवढे लक्षात ठेवतात आणि तक्त्यातलं बाकी सगळं विसरतात.

बाकी काय? पहिली गोष्ट, हे चार इंच नव्या, स्वच्छ, काचेसारख्या बर्फाचे. पांढरा बर्फ असेल तर दुप्पट जाडी हवी. हा फरक खरं तर आपल्याला त्यांच्याहून जास्त कळायला हवा, कारण आपण बर्फाच्या लाद्या पाहत मोठे झालो. आठवा, उन्हाळ्यात भुशातून काढलेली, गोणपाटात गुंडाळलेली लादी. कडेला काचेसारखी आरपार, मधोमध मात्र पांढरा पट्टा. कारखान्यात साच्याच्या कडेने पाणी गोठत येतं आणि विरघळलेली हवा आत ढकलली जाते. ती शेवटी मध्ये अडकते, म्हणून तो पांढरेपणा. रसवंतीवाल्याने टोचा मारला की मधला भाग भुसभुशीत फुटायचा आणि कडेचा टणक ढलपा निघायचा. तळ्यावरचा पांढरा बर्फही असाच हवा धरून असतो. बर्फावर हिम पडतं, त्याच्या वजनाने बर्फ खाली दबतो, भेगांतून पाणी वर येतं, हिमात मुरतं आणि तो लगदा गोठतो. दिसायला जाडजूड! ताकद निम्मी.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे आणि ती शिकलेल्या माणसांनाही चकवते. बर्फाची वजन पेलण्याची ताकद जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. कॅनडातल्या लॉर्न गोल्ड या शास्त्रज्ञाने बर्फावरून वाहनं नेण्याविषयी १९७१ मध्ये जे सूत्र मांडलं, ते आजही वापरतात. त्याचा अर्थ साधा आहे. चार इंच जर सुरक्षित, तर दोन इंच म्हणजे 'निम्मं सुरक्षित' नव्हे. पाव! तीन इंच म्हणजे 'जवळजवळ चार' नव्हे, ताकद निम्म्याच्या थोडी वर. आपलं मन मात्र सरळ रेषेत हिशेब करतं. चार नाही तर तीन, इंचभराने काय बिघडतं? बिघडतं ते एवढं बिघडतं.

तिसरी गोष्ट, जाडी सगळीकडे सारखी नसते. झरा असेल, ओढा येऊन मिळत असेल, पाणी अरुंद वाटेने वाहत असेल, खाली लव्हाळं कुजत असेल, बदकांचा थवा बसून गेला असेल, तिथे बर्फ पातळ. वर हिमाची दुलई असेल तर तिच्या उबेने खालचा बर्फ हळू वाढतो. हो, हिमाचीही ऊब असते. या काठाला पाच इंच आणि वीस फुटांवर दीड, असं होऊ शकतं. म्हणून तो तक्ता दर दीडशे फुटांवर मोजायला सांगतो. आणि वर हेही सांगतो, की पूर्ण सुरक्षित असा बर्फ नसतोच.

(जाता जाता एक गंमत. मुंबईत १८३४ साली पहिल्यांदा बर्फ उतरला तो बोस्टनच्या बाजूच्या तळ्यांतून कापून जहाजाने आणलेला. ते कापणारे लोकही तळ्यावर घोडे घालण्याआधी भोक पाडून जाडी मोजायचे. धंदा होता, घोडा महाग होता.)

आता माझ्या मूळ भांडणाकडे येते. माझं भांडण बर्फाशी नाही, मासे धरण्याशी तर नाहीच. माझं भांडण आहे 'लोक बसलेत त्यावर' या पुराव्याशी.

तळ्यावर दोन माणसं बसलेली दिसली, यावरून नेमकं काय सिद्ध होतं? एवढंच, की त्या जागी, त्या वेळी, त्या दोघांचं वजन बर्फाने पेललं. त्यानंतर किती ताकद शिल्लक होती, हे त्यांच्याकडे पाहून कळत नाही. ते दोन इंचांवर बसलेत की बारा इंचांवर, दुरून चित्र अगदी एकसारखं दिसतं. त्यांनी मोजलंय का? की त्यांनीही कालच्या कुणाच्या बुटांचे ठसे पाहिले आणि त्या कुणीतरी परवाच्या कुणाचे? अशी माणसांची रांगच्या रांग असू शकते ज्यातल्या एकानेही बर्फाला भोक पाडलेलं नाही, आणि प्रत्येकाला वाटतं की पुढच्याने पाडलं असेल. वर माणूस वाढला की वजन वाढतं. बर्फ एका जागी वजन घेऊन तासन्‌तास राहिला की हळूहळू वाकतो. म्हणजे आधी बसलेली माणसं हा तुमच्या बाजूचा पुरावा नाहीच. ते तुमच्या आधीचं ओझं आहे.

तुम्ही म्हणाल, बाई, नागपुरात बसून बर्फाच्या गोष्टी काय सांगता? ठीक आहे. नागपूरचीच सांगते. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट इथे कुणी विसरलेलं नाही. अंबाझरी भरून वाहिला, नाग नदी फुगली आणि झोपेतल्या माणसांच्या घरात शिरली. उजाडल्यावर आमच्या गल्लीच्या तोंडाशी गढूळ पाणी साचलेलं. एक तरुण पँट वर करून पार झाला. गुडघाभरच होतं. ते पाहून पाठोपाठ तिघं निघाले. पहिले दोघं गेले, तिसरे काका कमरेपर्यंत गडप! वाहून आलेल्या कचऱ्याने नालीवरची फरशी सरकली होती आणि काका त्या तरुणापेक्षा हातभर उजवीकडून चालले होते. ओढून काढलं, गुडघे सोलले, एक चप्पल गेली, बाकी निभावलं. बाहेर आल्यावर ते पहिलं वाक्य काय बोलले असतील? "पण तो तर गेला नं!" पावसाळ्यात पुलावरून पाणी वाहत असताना गाड्या घालतात तेही याच एका वाक्यावर. पाणी काय, बर्फ काय, वरून दोन्ही सपाटच दिसतात.

मुलाचा पुढचा मुद्दा असा, की तिथल्या लोकांना लहानपणापासून कळतं, ते बसलेत म्हणजे बर्फ बरोबर असणार. हा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही. स्थानिक माणसाचं ज्ञान मी मानते. आपल्याकडे भंडारा-गोंदियाच्या तलावांवरच्या जुन्या ढिवराला पाण्याचं जे कळतं ते माझ्या पुस्तकांत नाही. पण जाणता माणूस दिसतो कसा? पहार घेऊन पुढे ठोकत जाताना दिसतो. खुर्चीवर बसलेला माणूस जाणता की उपरा, हे खुर्चीवरून कळत नाही. आणि जाणतेही फसतात. मिनेसोटाच्या उत्तरेला अप्पर रेड लेक नावाचं अवाढव्य सरोवर आहे, मासेमारीसाठी प्रसिद्ध. तिथे २८ नोव्हेंबर २०२२ ला बर्फाचा मोठा तुकडा किनाऱ्यापासून सुटला आणि त्यावर सुमारे दोनशे माणसं अडकली. पुढच्याच वर्षी, २९ डिसेंबर २०२३ ला, त्याच सरोवरावर पुन्हा तसंच, शंभराहून जास्त लोक. सगळे वाचले, कारण वाचवणारे वेळेत पोचले. यांतले बहुतेक जण हातातल्या गळासकट जन्मलेले असावेत. दोनशे माणसं एका जागी आहेत म्हणजे जागा सुरक्षित आहे, असं तिथेही दुरून बघणाऱ्या एखाद्या 'मुला'ला वाटलं असेलच ना?

आणि 'डिसेंबर आहे म्हणजे गोठणारच' हाही पुरावा आता राहिलेला नाही. २०२३-२४ चा हिवाळा मिनेसोटाच्या नोंदींतला सर्वात उबदार ठरला. कॅलेंडर पाहून बर्फावर जाणं म्हणजे पंचांग पाहून विहिरीत उडी मारणं.

आता जे लिहिणार आहे त्यावरून आमच्या सकाळच्या फिरण्याच्या घोळक्यात एकदा चांगलीच जुंपली होती. २०२२ च्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी, २६ डिसेंबरला, ॲरिझोनातल्या वूड्स कॅनियन लेक या गोठलेल्या तळ्यात तिघं भारतीय बुडून गेले. दोन पुरुष, एक स्त्री. राहणारे चँडलरचे, मुलाबाळांसह बर्फ पाहायला आलेले. बातमी आली तेव्हा कॅनॉल रोडवर चालता चालता एक जण म्हणाले, "एवढी शिकलेली माणसं, अक्कल नाही का? फोटोपायी जीव दिला." दुसऱ्यांनी मान डोलावली. तिसऱ्यांनी वेणा आठवून दिली. ९ जुलै २०१७, रविवार, नागपूरजवळच्या वेणा जलाशयात नाव उलटून आठ जण गेले होते. तेव्हाही गावभर एकच शब्द होता, सेल्फी.

मला हे ऐकवेना. चँडलर कुठे आहे माहीत आहे? फिनिक्सला लागून, वाळवंटात. उन्हाळा आपल्यासारखाच, पंचेचाळीस अंशांचा. तळं मात्र साडेसात हजार फूट उंचीवरच्या जंगलात. म्हणजे नागपूरच्या माणसाने गाडी काढावी आणि काही तासांत थेट गोठलेल्या पाण्याच्या काठावर उभं राहावं, असं ते आहे. त्या माणसांना बर्फ कुठून माहीत असणार? फ्रीजमधून! फ्रीजमधला बर्फ दगडासारखा असतो, आणि ट्रेच्या तळापर्यंत असतो. त्याखाली अंधारं पाणी असेल हे त्यात कुठेच नाही. त्यांनी डोळ्यांवर विश्वास ठेवला, आणि डोळ्यांनी प्रामाणिकपणे जे दिसलं ते सांगितलं: पांढरी, सपाट, घट्ट जमीन. यात मूर्खपणा कुठला? त्यांना मूर्ख म्हटलं की एक सोय होते. आपण शहाणे ठरतो आणि शिकायचं काही उरत नाही. 'सेल्फी' म्हटलं की नावेत किती माणसं चढली आणि अंगात जीवरक्षक जाकिटं का नव्हती, हे विचारावं लागत नाही. मेलेल्या माणसाला नावं ठेवणं हेसुद्धा 'काही नाही होत'चंच दुसरं टोक आहे. आधी म्हणायचं काही होत नाही, झालं की म्हणायचं त्यालाच अक्कल नव्हती. मधल्या मध्ये मोजपट्टी कुणी हातात घेत नाही.

(त्या दिवसापासून ते पहिले गृहस्थ माझ्याशी जरा जपून बोलतात. बरं झालं.)

राग आणखी एका ठिकाणी आहे. तिकडे गेले होते तेव्हा तिथल्या एका मराठी मंडळाने नव्याने आलेल्यांसाठी काढलेली माहितीपुस्तिका पाहिली. नाव घेत नाही. फार मेहनतीने केलेली होती हो! भाकरीचं पीठ कुठे मिळतं, गणपतीची मूर्ती कधी नोंदवायची, गाडीची टायर कधी बदलायची, कर कसा भरायचा, पत्रिका जुळवणारे गुरुजी कोण. तळ्यांच्या गावात राहून तळ्याबद्दल एक ओळ नाही. मी एका पदाधिकाऱ्यांना म्हटलं, अर्धं पान बर्फावर घाला. म्हणाले, "काकू, आपली माणसं कुठे जातात बर्फावर?" त्याच पुस्तिकेच्या मलपृष्ठावर मंडळाच्या हिवाळी सहलीचा फोटो होता. तीसेक माणसं, साड्यांवर जाड कोट, आणि पायाखाली... काय असेल, तुम्हीच ओळखा.

काय असावं त्या अर्ध्या पानात? वरचे आकडे, आणि पाण्यात पडलो तर काय. कॅनडातले प्राध्यापक गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी स्वतः गोठवणाऱ्या पाण्यात उतरून प्रयोग केलेत. ते तीन आकडे सांगतात: एक, दहा, एक. पहिलं एक मिनिट धाप लागते, श्वास हातात राहत नाही. तेवढं मिनिट डोकं पाण्यावर ठेवून श्वास सावरायचा. मग साधारण दहा मिनिटं हातपाय कामाचे राहतात, त्यात बाहेर निघायचं. आणि थंडीने शुद्ध हरपायला साधारण एक तास लागतो. म्हणजे माणूस लगेच गारठून मरत नाही. तो पहिल्या मिनिटात घाबरून पाणी गिळतो, किंवा हात चालेनासे होऊन बुडतो. बाहेर निघायचं ते ज्या बाजूने आलो त्याच बाजूला वळून, कारण तेवढ्या बर्फाने आपल्याला पेललं होतं. पुढे धडपडायचं नाही. हात बर्फावर पसरायचे, पाय पोहल्यासारखे मारायचे, पोटावर सरकत वर यायचं. आणि उभं राहायचं नाही, लोळत जायचं. जाणते लोक लाकडी मुठीत खिळा बसवलेली जोडी दोरीने गळ्यात घालतात, ओल्या बर्फाला तीच धरते. अंगात जीवरक्षक जाकीट. एकट्याने जायचं नाही, आणि काठावर कुणाला तरी सांगून जायचं. झालं अर्धं पान. पत्रिकेवाल्या गुरुजींना थोडं सरकवलं तर सहज मावेल.

"म्हणजे घरातच बसायचं का आम्ही?" मुलाने फोनवर शेवटी चिडून विचारलं. नाही रे बाबा. जानेवारीत त्याच आजोबांनी आम्हा दोघांना तळ्यावर नेलं होतं. त्या दिवशी गिरमिटाची जवळजवळ अख्खी पाती आत गेली तेव्हा पाणी लागलं. चौदा इंच! मी भोकाशी बसले होते, हे थर्मासमधला चहा ओतत होते, आणि पायाखालून आवाज आला, टुंऽऽग्ग, तंबोऱ्याची तार कुणी दूरवर छेडल्यासारखा. मी उठून पळायच्या बेतात. आजोबा हसले. थंडी वाढली की बर्फ ताणला जातो आणि असा बोलतो, भीती नाही, म्हणाले. ती दुपार मी विसरणार नाही. पिल्लूलाही ती मिळावी. चौदा इंचांवर मिळावी, नाही तर मोजलेल्या पाचावर मिळावी. लोक बसलेत यावर नको.

बराच वेळ फोनवर शांतता होती. मग सुनेने फोन घेतला. "आई, तुम्ही काळजी करू नका, मी बघते." आमची सून अमरावतीची आहे. ती बघते म्हणाली की बघते.

शनिवारी रात्री, म्हणजे त्यांच्या सकाळी, एक फोटो आला. शेजारच्या आजोबांची पहार मागून आणलेली, काठाशी पडलेलं एक खड्ड्याएवढं भोक, आणि पिल्लूच्या लाल हातमोज्यात धरलेली मोजपट्टी. अडीच इंच. वर्गाचा हिशेब करून पाहा, चाराच्या ताकदीच्या चाळीस टक्केसुद्धा नाही. पहार दुसऱ्याच घावात पलीकडे गेली म्हणे. मासे न धरताच मंडळी घरी आली, पिल्लू वाटभर रडला, मग सुनेने तर्री-पोहे केले तेव्हा गप्प झाला.

संध्याकाळी मुलाचा फोन. "आई, ते दोघं खुर्चीवाले आजही बसले होते. आम्ही निघालो तरी होते. त्यांना काही झालं नाही."

मी म्हटलं, त्यांनी मोजलं होतं का, विचारलंस?

"नाही विचारलं," म्हणाला. "पुढच्या शनिवारी विचारतो. पहार घेऊनच जाणार आहे."